मेस रिव्ह्यू: जेवण चांगलं आहेच, पण कॉमर्सवाल्यांनी काकांची वही पण बघा

बऱ्याच दिवसांपासून लिहीन लिहीन म्हणत होते, आज रविवार संध्याकाळ, मेसला सुट्टी, मॅगी खाऊन बसलेय तर लिहूनच टाकते. पुण्यात पेठेतल्या ज्या मेसमध्ये मी २०१९ पासून जेवतेय (मधली कोरोनाची गॅप सोडून) तिचा हा रिव्ह्यू. नाव आणि पत्ता टाकत नाहीये कारण मेस चालवणाऱ्या काकूंनीच सांगितलंय, "बाळा, सत्तर मुलांच्या वर मला झेपत नाही, उगाच गर्दी नको." त्यामुळे नाव नाही, पण काय बघून मेस लावायची ते सगळं सांगते. आणि अकाउंट्सचा अभ्यास करणारे असाल, बारावी कॉमर्स, बीकॉम, सीए, काहीही, तर शेवटपर्यंत वाचा, कारण मला सीए इंटरला जे डोक्यात बसलं त्यातलं निम्मं या मेसच्या गल्ल्याशेजारी बसून बसलंय.

आधी जेवण. पोळी मऊ आणि पातळ, ताटात दोन भाज्या, एक रस्सा एक सुकी, आमटी, भात, कोशिंबीर. सोमवारी रात्री पिठलं भाकरी, आणि हे पिठलं मी बाहेर कुठेच असं खाल्लेलं नाही, लसणाची फोडणी, वरून कच्चा कांदा, ठेचा. गुरुवारी उपवासवाल्यांसाठी भगर आमटी मिळते, आदल्या दिवशी सांगायचं. रविवारी दुपारी फीस्ट, कधी पुरणपोळी, कधी मसालेभात आणि गुलाबजाम. तेल कमी असतं, सोडा नाही, सहा वर्षांत इथे खाऊन माझं पोट एकदाही बिघडलं नाही. नावडतं काय, तर भात कधी कधी फार गिचका होतो, दुपारी एक ते दीड ताटकळत उभं राहावं लागतं कारण जागा फक्त अठरा जणांची, आणि रात्री साडेनऊ नंतर गेलात तर पोळ्या गार. पनीर महिन्यातून दोनदाच. मला चालतं, पण ज्यांना रोज पनीर पाहिजे त्यांनी दुसरी मेस बघा.

पैसे: सध्या ३,३०० रुपयात ६० ताटांचं कार्ड, म्हणजे ताट ५५ ला पडतं. ५०० रुपये डिपॉझिट, सोडताना परत. जेवलात की कार्डावर एक भोक. खाडा असेल तर सकाळी नऊच्या आत मेसेज टाकायचा, मग ते ताट शिल्लक राहतं, नाही सांगितलं तर पंच होतं. कार्ड ४५ दिवस चालतं. ही ४५ दिवसांची अट मला थोडी कडक वाटते, परीक्षेनंतर गावी जाऊन राहिलं की चार-पाच ताटं बुडतात. काकूंना बोलून बघितलंय, सेमिस्टर संपताना आठ दिवस वाढवून देतात, पण मागावं लागतं.

आता वहीकडे येते. त्याआधी एक सांगते, कारण त्याशिवाय मला ही वही एवढी का आवडते ते कळणार नाही. पुण्यात आल्या आल्या मी दुसऱ्या एका मेसला होते, तिचं पण नाव नको. जूनमध्ये लावली, छान चालू होती, ऑगस्टच्या १ तारखेला आमच्याकडून महिन्याचे पूर्ण पैसे घेतले आणि १२ तारखेला गेलो तर कुलूप. फोन बंद. आमच्या हॉस्टेलच्याच वीस-बावीस मुलींचे पैसे गेले, डिपॉझिट गेलं, आणि माझे बाबा बार्शीहून महिन्याचे मोजून पैसे पाठवायचे तेव्हा, त्यामुळे पुढचे पंधरा दिवस मी पोहे आणि केळी यावर काढले. त्या बाईंनी जाणूनबुजून फसवलं असं मला आजही वाटत नाही. १ तारखेला हातात लाखभर रुपये आले की ते आपलेच वाटतात, मग त्यातून मागची भाडी, मागचा किराणा भागवला जातो, आणि मग पुढचं जेवण घालायला पैसेच नसतात. तेव्हा मला हे एवढं कळत नव्हतं. फक्त राग होता.

सप्टेंबर २०१९ मध्ये या काकूंकडे आले. पहिल्याच रात्री पैसे देताना काका (काकूंचे मिस्टर, पूर्वी पतसंस्थेत कारकून होते) लाल कापडी बांधणीची वही उघडून बसलेले. माझ्या नावाचं पान, डावीकडे "आले", उजवीकडे "ताटं गेली". आणि महिनाअखेरच्या पानावर सगळ्या मुलांची न खाल्लेली ताटं मोजून त्याची रक्कम काढलेली आणि लाल पेनाने गोल केलेला. मी विचारलं काका हा गोल कशाचा. म्हणाले, "हे देणं आहे. पैसे आपल्याकडे आलेत पण ताट अजून वाढलेलं नाही, तेव्हा ते मुलांचेच." आणि ते पैसे खरंच वेगळ्या बचत खात्यात ठेवतात, त्यातून किराणासुद्धा भरत नाहीत.

बारावीला अंतिम लेख्यांच्या गणितात "आगाऊ मिळालेले उत्पन्न" अशी एक अ‍ॅडजस्टमेंट असते, आठवत असेल. आम्ही पाठ करायचो, उत्पन्नातून वजा करा आणि ताळेबंदाला देयता बाजूला दाखवा, दोन मार्क पक्के. का करायचं ते मला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. त्या लाल गोलाने एका मिनिटात सांगितलं. कार्ड विकलं तेव्हा रोख खाते नावे (डेबिट) आणि मुलांचे आगाऊ खाते जमा (क्रेडिट), विक्री नाहीच. विक्री होते भोक पडलं की. प्रत्येक भोक म्हणजे ताटाच्या रकमेची जर्नल एंट्री, आगाऊ नावे, विक्री जमा. आधीच्या मेसवाल्या बाईंच्या डोक्यात हीच एक एंट्री चुकली होती, आलेले सगळे पैसे त्यांनी विक्रीत धरले.

हे एकदा दिसलं ना की मग पेपर वाचताना सगळीकडे तेच दिसायला लागतं. त्याच वर्षी, २०१९ मध्ये, १७ एप्रिलला जेट एअरवेजचं शेवटचं विमान उडालं आणि कंपनी बंद पडली, लोकांनी पुढच्या महिन्यांची तिकिटं काढून ठेवलेली. तिकीट म्हणजे काय, काकूंचं कार्डच की. प्रवासी विमानात बसून उतरेपर्यंत ते कंपनीचं उत्पन्न नाही, देणं आहे, आणि कंपनीकडे पैसे संपले की ते देणं घेऊन प्रवासी रांगेत उभा राहतो, बँका पुढे, हा मागे. शेवटी नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने जेटचं लिक्विडेशन (मालमत्ता विकून देणी भागवणं) करायला सांगितलं. मे २०२३ मध्ये गो फर्स्टचं पण तसंच, ३ तारखेपासून उड्डाणं बंद आणि प्रवासी रिफंडसाठी अडकलेले. मी तेव्हा आर्टिकलशिप (सीएच्या ऑफिसमधलं प्रशिक्षण) करत होते आणि ऑफिसमध्ये सगळे "एअरलाइन धंदाच वाईट" म्हणत होते, मला मात्र सारखं ते कुलूप आठवत होतं.

फ्लॅटचं पण हेच आहे. रेरा कायद्यात (बिल्डरांवरचा, २०१६ चा) नियम आहे की ग्राहकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि ते त्या प्रोजेक्टच्या जमिनीवर आणि बांधकामावरच खर्च करायचे, काम जेवढं झालं त्या प्रमाणात काढायचे, आणि त्याला इंजिनिअर, आर्किटेक्ट आणि सीए तिघांचं सर्टिफिकेट लागतं. आमच्या ऑफिसमध्ये एका बिल्डरचं हे काम आलं तेव्हा मला सरांना काही विचारावं लागलं नाही. काकांचं वेगळं बचत खातं, फक्त मोठं.

आणि खाडे! इंड एएस ११५ (उत्पन्न कधी धरायचं याचं अकाउंटिंग स्टँडर्ड) मध्ये ब्रेकेज नावाचा एक पॅरा आहे, ग्राहकाने पैसे भरले पण आपला हक्क वापरलाच नाही तर त्या पैशाचं काय करायचं. अनुभवावरून किती बुडणार याचा नीट अंदाज येत असेल तर बाकीचा वापर होईल तसतसं थोडं थोडं उत्पन्नात घ्या, अंदाज येत नसेल तर ग्राहक आता वापरण्याची शक्यता जवळपास संपली की मगच घ्या. काकांनी हे स्टँडर्ड वाचलेलं नाही पण ते दुसऱ्या रस्त्याने जातात, ४५ वा दिवस संपेपर्यंत बुडीत ताट विक्रीत धरत नाहीत. क्लासमध्ये हा पॅरा आला तेव्हा आमच्या बेंचवरच्या सगळ्यांना अवघड गेला, मी म्हटलं अरे हे तर खाडे.

मी मेस लावली त्याच महिन्यात, २३ सप्टेंबरला रिझर्व्ह बँकेने पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेवर निर्बंध आणले, सुरुवातीला एका खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येत होते. मुंबईतल्या शाखांबाहेर रडणारी माणसं टीव्हीवर दिसत होती. त्या दिवसांत एका रात्री जेवणं झाल्यावर काका आम्हा चार-पाच जणींना थांबवून बोलले. मला तेव्हा एक बेसिक शंका होती, पासबुकात पैसे भरले की "जमा" लिहितात आणि आपल्या वहीत बँक खाते "नावे" होतं, उलटं का? काका म्हणाले पासबुक तुझी वही नाहीच, ती बँकेच्या वहीची नक्कल आहे, तुझे पैसे त्यांच्यासाठी देणं आहे म्हणून जमा. मग म्हणाले, पीएमसीची देणी खरी होती, येणी पोकळ निघाली. आणि झालं होतं तसंच, एचडीआयएल या बिल्डरला दिलेली थकलेली कर्जं लपवायला एकवीस हजारांच्या वर खोटी कर्जखाती दाखवलेली होती. ताळेबंद जुळत होता. दोन्ही बाजू समान आल्या की आपण परीक्षेत कसले खूश होतो, पण जुळणं म्हणजे खरं असणं नाही हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. नंतर फेब्रुवारी २०२० मध्ये ठेवींवरचा विमा १ लाखावरून ५ लाख झाला, आणि पीएमसी जानेवारी २०२२ मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली.

सत्यम या आयटी कंपनीचं प्रकरण ऑडिटच्या प्रत्येक क्लासमध्ये शिकवतात, ७ जानेवारी २००९, तिचे अध्यक्ष रामलिंग राजूंचं कबुलीपत्र, ताळेबंदात दाखवलेली ५,०४० कोटींची रोख आणि बँक शिल्लक मुळात नव्हतीच. आकडा एवढा मोठा आहे की डोक्यात शिरत नाही. पण काका रोज रात्री दहाला गल्ला ओततात, नोटा मोजतात, यूपीआयचा मोबाईल बघतात, मग वहीतली शिल्लक बघतात, या क्रमाने. आधी वही बघून मग मोजत नाहीत. मी एकदा विचारलं तर म्हणाले आधी आकडा बघितला की मोजताना हात तिथेच जाऊन थांबतो. बँकेकडून थेट कन्फर्मेशन मागवा, क्लायंटने दिलेल्या कागदावर विसंबू नका, हे ऑडिटमध्ये एवढं का घोकवून घेतात ते मला या वाक्यावरून समजलं, खरंच.

कांद्याचं पण सांगते कारण हे इंटरला कामी आलं. डिसेंबर २०२३ च्या सुरुवातीला काकांनी मार्केट यार्डातून चार पोती कांदा पस्तीसच्या भावाने उचलला, अजून चढेल म्हणून. आणि ८ डिसेंबरला केंद्राने कांद्याची निर्यातच बंद केली. भाव पडला, आठवड्यात वीस-बावीसवर. काकू काकांवर चिडल्या होत्या. मी रूमवर येऊन एएस २ (मालसाठ्याचं अकाउंटिंग स्टँडर्ड) उघडलं, मालसाठा खरेदीची किंमत किंवा निव्वळ वसुली मूल्य (विकून हातात येईल ती रक्कम) यातलं जे कमी त्याला दाखवायचा, मग काकांचा कांदा बावीसला आणायचा का? नाही! कारण काकू कांदा विकत नाहीत, ताट विकतात. कच्चा माल ज्या वस्तूत जाणार आहे ती वस्तू खर्चाइतक्या किंवा त्यापेक्षा जास्त किमतीला विकली जाणार असेल तर कच्च्या मालाची किंमत खाली आणायची नसते, आणि ताट तेव्हाही फायद्यातच जात होतं. लासलगावच्या ज्या व्यापाऱ्याने तोच कांदा विकायला भरून ठेवला त्याला मात्र खाली आणावा लागणार. एकच पोतं, एकच भाव, पण कशासाठी ठेवलंय त्यावर वही बदलते. त्यात लाल कांदा टिकत नाही, एक पोतं जवळजवळ सगळं सडलं, ते नेहमीच्या सालपटांसारखं नाही, म्हणून ताटाच्या खर्चात मिसळायचं नाही, सरळ तोटा. आमच्या परीक्षेत याच्यासारखाच प्रश्न आला आणि मी उत्तर लिहिताना मला त्या सडक्या कांद्याचा वास येत होता, शप्पथ.

जीएसटीचं थोडक्यात. भिंतीवर सर्टिफिकेट लावलंय आणि खाली कंपोझिशनची (छोट्या धंद्यांसाठीच्या सोप्या जीएसटी योजनेची) पाटी. कंपोझिशनवाला हॉटेलवाला उलाढालीवर ५ टक्के स्वतःच्या खिशातून भरतो, गिऱ्हाइकाकडून वेगळा घेऊ शकत नाही, त्यामुळे अशी पाटी असलेल्या ठिकाणी बिलात जीएसटी लावला तर विचारा. आणि त्याला खरेदीवरच्या कराचं क्रेडिट मिळत नाही, म्हणजे तूप घेताना भरलेला कर हा तुपाच्या किमतीतच जातो. म्हणून २२ सप्टेंबर २०२५ ला तूप-लोण्यावरचा जीएसटी १२ वरून ५ झाला आणि पॅकबंद पनीरवरचा ५ वरून शून्य, तेव्हा काकूंचा खर्च खरंच कमी झाला. क्रेडिट घेणाऱ्या व्यापाऱ्याला तो कर आधीही खर्च नव्हता. कमर्शियल सिलेंडरवर मात्र १८ टक्के तसाच, त्यामुळे ताट ५५ चं ५० होईल अशी आशा ठेवू नका, मी ठेवली होती.

काकांची वही परफेक्ट नाही हे पण प्रामाणिकपणे सांगते. मोठा फ्रीज घेतला तेव्हा पूर्ण रक्कम त्याच महिन्याच्या खर्चात टाकली, त्या महिन्यात तोटा दिसला आणि पुढचे सगळे महिने उगाच चांगले. आम्ही दोघी-तिघींनी बसून त्यांना घसाऱ्याचं (फ्रीजची किंमत तो वापरायच्या वर्षांत वाटून खर्चात टाकायचं) पान करून दिलं. घसारा लिहिला म्हणून पैसे बाजूला पडत नाहीत, पण नफा खरा तेवढाच दिसतो आणि घरात उचल बेताची होते, हे काकांना लगेच पटलं. न पटलेली एक गोष्ट आहे. तीन मावशींचा पगार वहीत आहे, काकू पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत उभ्या असतात त्याचा एक रुपया वहीत नाही. नियमाने बरोबर आहे, मालकाचा पगार खर्च नसतो, नफा किंवा उचल असते. पण एकदा मी हिशोब केला, बाहेर स्वयंपाकाला बाई ठेवली असती तर काय द्यावं लागलं असतं ते नफ्यातून वजा केलं, तर उरलेला आकडा एवढा लहान होता की मी तो काकूंना दाखवलाच नाही. तेव्हापासून छोट्या दुकानाचा नफा-तोटा बघितला की माझा पहिला प्रश्न असतो, घरातलं कोण कोण फुकट राबतंय.

आणि आता ज्या कारणासाठी मी खरं तर लिहायला बसले ते. मार्च २०२०. कॉलेज बंद झाली, मी १८ तारखेला रात्री जेवून १९ ला सकाळच्या एसटीने बार्शीला गेले, चार दिवसांनी येऊ म्हणून. मग लॉकडाऊन. मेस बंद, भाडं चालू, मावशींचे पगार काकू अर्धे का होईना देत होत्या. मी तर माझं कार्ड विसरून गेले होते. जूनमध्ये काकांचा फोन आला, "तुझी ३३ ताटं झाली, २७ राहिली, तेव्हाच्या ४० ने १,०८० आणि डिपॉझिटचे ५००, गुगल पेचा नंबर सांग." मी म्हटलं काका राहू द्या ना, मी आल्यावर जेवीन. म्हणाले, "कधी येशील ते तुलाही माहीत नाही आणि मलाही, तुझ्या बाबांचे पैसे आहेत." १,५८० रुपये आले. त्या महिन्यांत बाबांचं कापडाचं दुकान बंद होतं. आमच्या ग्रुपवर विचारलं तर सगळ्यांना आले होते, एकूण एक मुलाला. ज्या मेसची तीन महिने कमाई शून्य होती तिने हे केलं, आणि करू शकली कारण तो लाल गोल होता, वेगळं खातं होतं, ते पैसे कधी खर्चच झाले नव्हते. बाबांना मी सगळं सांगितलं तर ते काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानात दिवाळीसाठी आधीच ऑर्डरचे पैसे देऊन गेलेल्या लोकांची यादी काढली आणि एकेकाला फोन करायला बसले.

तर पाचपैकी साडेचार, अर्धा भाताचा आणि ४५ दिवसांचा कापला. वेळ दुपारी साडेअकरा ते अडीच, रात्री साडेसात ते दहा, रविवारी रात्री बंद. तुम्ही जिथे कुठे मेस लावाल तिथे पूर्ण महिन्याचे पैसे देण्याआधी फक्त एवढं विचारा की मी मध्येच सोडली तर उरलेल्या ताटांचं काय, आणि उत्तर देताना समोरचा वही उघडतो का ते बघा. आणि पेठेतल्या ज्यांना कळलंय मी कुठल्या मेसबद्दल बोलतेय, त्यांनी दहाच्या सुमारास जा, काका गल्ला मोजत असतात, मोजून होईपर्यंत गप्प बसा, मग काय विचारायचं ते विचारा, ते अर्धा तास सांगतात आणि काकू वरून ताक देतात.